एफ-एस, एफ-३, एम-ए: टेक्सासमध्ये फेलनीची पायरी कशी वाचायची

रविवारची रात्र, अकरा वाजून गेलेले. नाशिकहून एका काकूंचा फोन, इथे टेक्सासमध्ये अटक झालेल्या मुलासाठी. तिकडे सोमवारची सकाळ झालेली. "अगं, त्याच्या रूममेटनं जेलच्या साइटचा फोटो पाठवलाय. नावापुढे एफ-एस लिहिलंय. म्हणजे फर्स्ट क्लासचा गुन्हा का गं?"

नव्हता. एफ-एस ही फेलनीतली, म्हणजे गंभीर गुन्ह्यांतली, सगळ्यात खालची पायरी. पण हे एका वाक्यात सांगून फोन ठेवता येत नाही, कारण पुढचा प्रश्न लगेच येतो: "मग किती वर्षं?" आणि त्याच्या पुढचा: "व्हिसाचं काय?" या दोन प्रश्नांची उत्तरं दोन वेगळ्या कायद्यांत असतात, आणि घरचे लोक ती एकात एक कालवतात. मी वकील नाही. डॅलसजवळ एका क्रिमिनल डिफेन्स वकिलाच्या ऑफिसात फायली लावते, कागद वाचते आणि असे फोन घेते. म्हणून कागद वाचायचा कसा, एवढंच इथे सांगते. केस लढायचं काम वकिलाचं.

आधी भारतातला हिशेब बाजूला ठेवा

आपल्याकडे गुन्हा दखलपात्र की अदखलपात्र, जामीनपात्र की अजामीनपात्र, हे आधी विचारतात. शिक्षा प्रत्येक कलमातच लिहिलेली असते. भारतीय न्याय संहितेत चोरीचं कलम ३०३ उघडलं की तीन वर्षांपर्यंतची कैद तिथेच सापडते.

टेक्सासमध्ये तसं नाही. गुन्ह्याच्या कलमात बहुतेक वेळा फक्त पायरी सांगितलेली असते: हा गुन्हा थर्ड डिग्री फेलनी. त्या पायरीची शिक्षा पीनल कोडच्या बाराव्या प्रकरणात, सगळ्या गुन्ह्यांसाठी एकदाच, लिहून ठेवली आहे. म्हणजे दोन ठिकाणी बघावं लागतं. ही रचना १९७४ पासून लागू झालेल्या कोडची. स्टेट जेल फेलनी ही पायरी त्यात १९९० च्या दशकात घातली.

जामिनाचा आणि पायरीचा संबंध आहे, पण सैल. फेलनी आहे म्हणून जामीन नाही, असं समजू नका. अटकेनंतर साधारण ४८ तासांच्या आत मॅजिस्ट्रेटसमोर उभं करतात आणि जामिनाची रक्कम ठरते. ती सगळी स्वतः भरायची नसेल तर बॉन्डवाला, म्हणजे पैसे घेऊन हमी देणारा, साधारण दहा टक्के घेतो, आणि ते दहा टक्के परत मिळत नाहीत. (काकूंनी मधेच विचारलं होतं, "मामांची पोलिसांत ओळख आहे, त्यांना फोन करू का?" नाशिकच्या मामांचा इथे काही उपयोग नाही.)

कागदावरची दोन अक्षरं

जेलच्या यादीत किंवा कोर्टाच्या साइटवर गुन्ह्यापुढे एक छोटा कोड दिसतो. पहिलं अक्षर एम असेल तर मिस्डिमीनर, म्हणजे कमी गंभीर गुन्हा, एफ असेल तर फेलनी. दुसरं अक्षर किंवा आकडा म्हणजे पायरी.

- एम-सी: फक्त दंड, ५०० डॉलरपर्यंत. तुरुंग नाही.
- एम-बी: काउंटी जेल (जिल्ह्याचा तुरुंग) १८० दिवसांपर्यंत, दंड २,००० पर्यंत.
- एम-ए: काउंटी जेल एक वर्षापर्यंत, दंड ४,००० पर्यंत.
- एफ-एस: स्टेट जेल, १८० दिवस ते २ वर्षं.
- एफ-३: २ ते १० वर्षं.
- एफ-२: २ ते २० वर्षं.
- एफ-१: ५ ते ९९ वर्षं, किंवा जन्मठेप.
- एफ-एक्स: कॅपिटल. मृत्युदंड, नाहीतर पॅरोलशिवाय (म्हणजे मुदतीआधी सुटकेशिवाय) जन्मठेप.

कॅपिटल सोडून सगळ्या फेलनींना दंड १०,००० डॉलरपर्यंत. आकडा जितका लहान तितका गुन्हा मोठा, हे लक्षात ठेवा. आपल्या डोक्यात तीन नंबर दोनापेक्षा मोठा असतो, म्हणून लोक हमखास उलटं वाचतात. थर्ड डिग्री हा शब्द ऐकून पोलिसी मारहाण आठवणारेही भेटलेत. तिचा इथे संबंध नाही.

फेलनी असेल तर केस डिस्ट्रिक्ट कोर्टात जाते आणि आधी ग्रँड ज्यूरीपुढे ठेवावी लागते. बारा नागरिक बसतात आणि आरोप पुढे न्यायला त्यातल्या नऊ जणांची संमती लागते. आरोपीनं लेखी सोडून दिलं तरच ही पायरी टळते. या काळात बाहेरून काहीच घडत नसल्यासारखं वाटतं आणि घरचे घाबरतात. माणूस आत असेल आणि फेलनीत ९० दिवसांत सरकारी पक्ष खटल्याला तयार नसेल, तर त्याला सोडावं लागतं किंवा जामीन परवडेल एवढा कमी करावा लागतो. ही तारीख कॅलेंडरवर लिहून ठेवा. वकिलाला ती माहीत असतेच, पण तुम्हीही मोजत आहात हे त्याला कळू दे.

पायरी ठरते कशावरून

चोरीत किमतीवर. १०० डॉलरच्या आत एम-सी, ७५० च्या आत एम-बी, २,५०० च्या आत एम-ए. २,५०० पासून फेलनी सुरू: ३०,००० च्या आत एफ-एस, १,५०,००० च्या आत एफ-३, ३,००,००० च्या आत एफ-२, त्यावर एफ-१. दुकानात सेल्फ-चेकआउटला चार वस्तू स्कॅन न करता पिशवीत टाकणं हा नव्यानं आलेल्या विद्यार्थ्यांमध्ये दिसणारा प्रकार. "चाळीस डॉलरचं तर होतं" हे खरं असेल. पण एकाच बेताचा भाग म्हणून अनेक वेळच्या चोऱ्या सिद्ध झाल्या तर त्यांच्या किमतींची बेरीज करून पायरी ठरवता येते. आणि चोरीची शिक्षा आधी दोनदा झालेली असेल तर तिसऱ्यांदा वस्तू कितीही स्वस्त असो, थेट एफ-एस.

दारू पिऊन गाडी चालवण्यात किती वेळा आणि गाडीत कोण, यावर. पहिल्यांदा एम-बी, दुसऱ्यांदा एम-ए, तिसऱ्यांदा एफ-३. पण मागच्या सीटवर पंधरा वर्षांच्या आतलं मूल असेल तर पहिल्याच वेळी एफ-एस. गणपतीच्या कार्यक्रमानंतर कुणाच्या घरी बसून, मग पोरांना घेऊन घरी निघणाऱ्यांनी हे वाक्य दोनदा वाचावं.

घरातल्या भांडणात, साधी मारहाण एम-ए. गळा दाबला, श्वास अडवला, तर एफ-३. हा कसला फरक, असं ऐकणाऱ्याला वाटतं. पोलिसांना मात्र तो पक्का ठाऊक असतो, आणि रिपोर्टमध्ये "मानेवर हात ठेवला" असं एक वाक्य आलं की पायरी बदलते.

आणि अमली पदार्थांत वजनावर. इथे थोडं थांबायला हवं, कारण काकूंच्या मुलाची, त्याला निखिल म्हणू, भानगड इथलीच होती.

निखिल मित्रांबरोबर कोलोरॅडोला गेला होता. तिथे दुकानातून, ओळखपत्र दाखवून, पावती घेऊन गांजाच्या तेलाचं एक व्हेप कार्ट्रिज, म्हणजे ई-सिगारेटला लावायची कुपी, घेतलं. तिथे ते चालतं. परतताना टेक्सासमध्ये टेललाइट बंद म्हणून गाडी थांबवली आणि ते कप होल्डरमध्ये सापडलं.

टेक्सासचा कायदा गांजाची पानं आणि गांजाचं तेल वेगळं मोजतो. पानं दोन औंसांच्या, म्हणजे साधारण ५६ ग्रॅमच्या, आत असतील तर एम-बी. तेल, वॅक्स, गमी (चघळायच्या गोळ्या) हे सगळं पेनल्टी ग्रुप दोन नावाच्या यादीत. तिथे एका ग्रॅमच्या आत एफ-एस, एक ते चार ग्रॅम एफ-३, चार ते चारशे ग्रॅम एफ-२. आणि वजन निव्वळ नशेच्या द्रव्याचं धरत नाहीत. त्यात जे काही मिसळलेलं आहे त्या सगळ्यासकट धरतात.

आता कार्ट्रिज हातात घेऊन बघा. बाजारात दोन मापं जास्त दिसतात, अर्ध्या ग्रॅमचं आणि एका ग्रॅमचं. अर्ध्याचं असेल तर कमाल दोन वर्षं. पूर्ण ग्रॅमचं, न वापरलेलं असेल तर कमाल दहा. आणि गमी? एक गमी सहज चार ग्रॅम भरते, त्यातलं बहुतेक साखर आणि जिलेटिन. म्हणजे कागदावर दोन ते वीस वर्षं. ऑफिसात हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला वाटलं टाइप करताना चूक झाली आहे. नव्हती झाली. (भारतातही वेगळं नाही: २०२० मध्ये हिरा सिंग प्रकरणात सुप्रीम कोर्टानं एनडीपीएस कायद्याखाली मिश्रणाचं एकूण वजन धरायला सांगितलं.)

म्हणून अशा केसमध्ये लॅबचा रिपोर्ट येईपर्यंत कोणताही आकडा पक्का मानू नका. २०१९ पासून टेक्सासमध्ये ०.३ टक्क्यांपर्यंत डेल्टा-९ टीएचसी (गांजातलं नशेचं द्रव्य) असलेल्या हेम्पला, म्हणजे जवळजवळ नशा नसलेल्या गांजाच्या झाडाला, सूट आहे, त्यामुळे लॅबला नुसतं "आहे" म्हणून चालत नाही, किती हे सांगावं लागतं. निखिलचं कार्ट्रिज अर्ध्या ग्रॅमचं होतं, थोडं वापरलेलं. म्हणून एफ-एस.

पायरी वर कधी सरकते

आधीची शिक्षा असेल तर. याआधी एका फेलनीची शिक्षा (साधी स्टेट जेल सोडून) झालेली असेल, तर एफ-३ ला एफ-२ ची शिक्षा लागते, एफ-२ ला एफ-१ ची. एकामागून एक अशा दोन झाल्या असतील तर किमान २५ वर्षं. गुन्ह्यात घातक शस्त्र वापरलं असं कोर्टानं नोंदवलं, तर एफ-एसची शिक्षा एफ-३ ची होते. आरोपपत्राच्या खालच्या परिच्छेदांत हे लिहिलेलं असतं. लोक पहिला परिच्छेद वाचून कागद बाजूला ठेवतात.

उलटही होतं. एफ-एससाठी १२.४४ नावाचं कलम आहे, आणि कोर्टाच्या व्हरांड्यात हा आकडा सारखा कानावर पडतो. त्याचे दोन भाग आहेत. १२.४४ ए मध्ये शिक्षा एम-ए सारखी, काउंटी जेलमधली, पण रेकॉर्डवर फेलनीच राहते. १२.४४ बी मध्ये सरकारी वकिलाच्या मागणीवरून केसच एम-ए म्हणून चालते आणि रेकॉर्डवर मिस्डिमीनर येतं. वकील "ट्वेल्व्ह फॉर्टी-फोर मिळालं" म्हणाला की लगेच विचारा: ए की बी?

दोन ते दहा म्हणजे नक्की किती

पायरी फक्त कुंपण घालते. त्या कुंपणाच्या आत आकडा कोण ठरवतो?

टेक्सासमध्ये आरोपीला निवड असते. दोषी ठरल्यावर शिक्षा न्यायाधीशानं ठरवावी की ज्यूरीनं, हे तो आधी लेखी सांगू शकतो. अमेरिकेत फार थोड्या राज्यांत हे चालतं. पण बहुतेक केसेस तिथवर जातच नाहीत, सरकारी वकिलाशी तडजोडीवर संपतात. म्हणून व्यवहारात खरा आकडा तडजोडीच्या कागदावर असतो.

त्या कागदावर तीन शब्दांपैकी एक बघा.

कैद. मग पॅरोलचा हिशेब. साध्या फेलनीत चांगल्या वर्तणुकीचे दिवस धरून एक चतुर्थांश भरले की पॅरोलसाठी पात्र. पात्र म्हणजे सुटला नव्हे. बोर्ड नाही म्हणू शकतं. खून, सशस्त्र दरोडा, लैंगिक अत्याचार यांसारख्या गुन्ह्यांना कोर्टात अजून "थ्री-जी" म्हणतात. मोबाइलचं नव्हे, ते जुन्या कलमाचं नाव. कलमाचा नंबर बदलला तरी तोंडातलं नाव गेलं नाही. त्यात अर्धी शिक्षा प्रत्यक्ष भोगावी लागते, वर्तणुकीची सूट नाही, कमाल तीस वर्षं. म्हणून अशा बहुतेक केसमध्ये ६० वर्षं, ९९ वर्षं आणि जन्मठेप, तिन्हींची पॅरोलची तारीख एकच येते.

गंमत खालच्या टोकाला आहे. स्टेट जेलला पॅरोल नाही. दोन वर्षं म्हणजे जवळजवळ दोन वर्षं. कार्यक्रमांत भाग घेतला तर वीस टक्क्यांपर्यंत सूट मिळू शकते, एवढंच. त्यामुळे एफ-३ ची पाच वर्षं झालेला माणूस एफ-एसची दोन वर्षं झालेल्याच्या आधी बाहेर येऊ शकतो. पायरी खालची म्हणून दिवस कमी, हे गणित इथे फसतं.

दुसरा शब्द प्रोबेशन. शिक्षा सुनावतात पण स्थगित ठेवतात आणि अटींवर बाहेर राहू देतात. पाच वर्षं स्थगित ठेवली आणि अटी मोडल्या, तर वरची मर्यादा पाच वर्षं. निखिलच्या कलमात आधी फेलनीची शिक्षा नसेल तर प्रोबेशन द्यायलाच हवं असा कायदा आहे. हे काकूंना सांगितल्यावर त्या फोनवर रडल्या.

तिसरा शब्द डिफर्ड ॲडज्युडिकेशन. गुन्हा कबूल करायचा, पण न्यायाधीश दोषी ठरवत नाही. अटी पाळल्या तर केस डिसमिस. ऐकायला सगळ्यात गोड. मात्र अटी मोडल्या तर न्यायाधीशापुढे पूर्ण कुंपण पुन्हा उघडं: एफ-२ असेल तर दोन ते वीस, आधी ठरलेला आकडा कोणताच नाही. आणि आपल्यासारख्यांसाठी त्यात आणखी एक खड्डा आहे.

व्हिसाची शिडी वेगळी आहे

ग्रीन कार्ड असो, एच-१बी असो, एफ-१ व्हिसावरचा विद्यार्थी असो (हा एफ-१ फेलनीचा नव्हे), नागरिक नसलेल्या माणसाला दोन कायदे लागतात. इमिग्रेशनचा कायदा केंद्राचा. तो राज्यानं लावलेली पायरी बघतो, पण मोजतो स्वतःच्या मापानं.

डिफर्ड घेतलं, वर्षभरानं केस डिसमिस झाली, राज्याच्या दृष्टीनं दोष सिद्ध झालाच नाही. इमिग्रेशन म्हणतं: तू कोर्टात कबूल केलंस, तुझ्यावर अटी लागल्या, मग आमच्यासाठी हे कन्व्हिक्शनच, म्हणजे दोष सिद्ध झालाच.

चोरी किंवा हिंसेच्या गुन्ह्यात एक वर्षाची शिक्षा झाली, तर इमिग्रेशनच्या भाषेत ती "ॲग्रव्हेटेड फेलनी", म्हणजे हद्दपारीला कारण होणारा गुन्हा, ठरू शकते, जरी राज्यात ती एम-ए असली आणि ती पूर्ण स्थगित असली, एक दिवसही आत काढला नसला, तरी. त्यामुळे वकील ३६५ च्या ऐवजी ३६४ दिवसांसाठी भांडतात. कॅलिफोर्नियानं तर २०१५ पासून मिस्डिमीनरची कमाल शिक्षाच ३६४ दिवस केली.

अमली पदार्थांत तर पायरीला किंमतच नाही. हद्दपारीतून सुटायला स्वतःसाठी, एकदाच, ३० ग्रॅमपर्यंत गांजा एवढा एक अपवाद आहे. तेल त्यात बसतं का, हा इमिग्रेशन वकिलाचा वाद. आणि देश सोडून परत येताना तो अपवादही आपोआप लागत नाही.

२०१० मध्ये पडिया विरुद्ध केंटकी या निकालात अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टानं सांगितलं की कबुलीचे इमिग्रेशनवर काय परिणाम होतील हे आरोपीला सांगणं त्याच्या क्रिमिनल वकिलाचं कर्तव्य आहे. म्हणून पहिल्याच भेटीत "मी नागरिक नाही" हे बोला. वकिलानं विचारायची वाट पाहू नका. अटकेत असताना वाणिज्य दूतावासाला कळवायचा हक्कही आहे. टेक्सास ह्यूस्टनच्या कार्यालयाखाली येतं.

दुसऱ्या राज्यात असाल तर

वरचे आकडे टेक्सासचे. न्यू जर्सीतल्या एडिसनला राहणाऱ्यांनी ते तसेच्या तसे उचलू नयेत. न्यू जर्सीच्या कायद्यात फेलनी हा शब्दच वापरत नाहीत. तिथे फर्स्ट ते फोर्थ डिग्री क्राइम. एक हजार डॉलरचा फोन उचलला तर टेक्सासमध्ये एम-ए, न्यू जर्सीत थर्ड डिग्री क्राइम, तीन ते पाच वर्षं. इलिनॉयमध्ये क्लास ४ पासून वर चढत क्लास १ आणि त्यावर क्लास एक्स, सहा ते तीस वर्षं. कॅलिफोर्नियात बऱ्याच फेलनींना तीन ठरलेले आकडे असतात, जसे १६ महिने, दोन वर्षं, तीन वर्षं. "माझ्या भावाच्या मित्राला न्यू जर्सीत असंच झालं होतं" हे वाक्य वकिलाच्या ऑफिसात आणू नका.

निखिलच्या वकिलानं आधी १२.४४ बी आणलं. रेकॉर्डवर मिस्डिमीनर, थोडा दंड, संपलं. घरी पेढे आणायची तयारी झाली. इमिग्रेशनच्या वकीलबाईंनी कागद वाचला आणि खाली ठेवला. मिस्डिमीनर असलं तरी अमली पदार्थाची कबुली ती कबुलीच. त्यांनी क्रिमिनल वकिलाला एकच गोष्ट मागायला सांगितली: प्रीट्रायल डायव्हर्जन, म्हणजे खटल्याआधीच अटी पूर्ण करून केस मिटवणं, आणि तेही गुन्ह्याची कबुली लिहून न देता. अभ्यासक्रम, दर महिन्याला लघवीची तपासणी, शंभर तास समाजसेवा. बारा महिने लागले. काकू दर महिन्याच्या तपासणीनंतर फोन करायच्या. आता एफ-एस म्हणजे काय हे विचारत नव्हत्या. विचारायच्या, "या वेळचं निगेटिव्ह आलं ना गं?"